सीपॅप रोज लावूनही काही सकाळी डोकं जड का होतं? मशीनआधी आदली संध्याकाळ तपासा

तक्रार साधारण अशी असते. स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजाराचं निदान झालं, मास्कमधून दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन आलं, पहिल्या महिन्यात चांगला फरकही पडला. मग मधूनच एखादी रात्र बिघडायला लागते. मास्क तोच, दाब तोच, झोपेचे तासही जवळपास तेवढेच. तरी सकाळी तोंडाला कोरड, डोकं जड, दुपारी पेंग, आणि पडद्यावर एएचआय, म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडला तो आकडा, नेहमीच्या २ ऐवजी ८. दोन दिवसांनी सगळं ठीक, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

अशा वेळी संशय मशीनवर जातो आणि दाब वाढवण्याचा मोह होतो. पण मशीनच बिघडलं असतं तर ते रोज बिघडलेलं दिसलं असतं. एक रात्र बरी आणि एक वाईट जात असेल, तर रोज बदलणारी गोष्ट शोधायला हवी. ती बहुतेकदा मास्क लावण्याआधीच्या पाच-सहा तासांत सापडते: काय प्यायलात, किती वाजता जेवलात, नाक मोकळं होतं का, कोणती गोळी घेतली, पाठीवर झोपलात की कुशीवर.

आधी आकडे नीट वाचा

एएचआय म्हणजे श्वास थांबण्याच्या किंवा उथळ होण्याच्या, किमान १० सेकंदांच्या घटनांची दर तासाची सरासरी. मशीन लावून हा आकडा ५ च्या आत राहिला की सहसा उपचार लागू पडतोय असं समजतात. एका रात्री ६ दिसला म्हणून घाबरू नका, आठवड्याची सरासरी पाहा. आणि फक्त एएचआय पाहून थांबू नका. मशीनच्या ॲपमध्ये किंवा मेमरी कार्डवर याहून बरंच काही असतं. ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच मशीनचं कार्ड वाचून रात्रीचा मिनिटामिनिटाचा आलेख दाखवतं. घटना रात्रीच्या कोणत्या भागात झाल्या, हे त्यात कळतं, आणि निम्मं निदान तिथेच होतं.

घटना झोपेच्या पहिल्या दोन-तीन तासांत दाटल्या असतील आणि नंतर आलेख शांत असेल, तर मद्य किंवा झोपेची गोळी आठवून पाहा. मधूनमधून दाट गुच्छ आणि त्यांच्यामध्ये स्वच्छ मोकळा वेळ, असं दिसलं तर पाठीवर झोपणं किंवा उंच उशीमुळे हनुवटी छातीकडे वळणं हे कारण असण्याची शक्यता मोठी. हवेची गळती वाढलेली असेल तर नाक, तोंड आणि मास्क यांच्याकडे वळा. रेसमेड कंपनीच्या मशीनवर ९५ टक्के वेळची गळती मिनिटाला २४ लिटरच्या आत असावी. काही कंपन्यांची मशीन मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम सोडलेली हवासुद्धा या आकड्यात धरतात, म्हणून दोन वेगळ्या मशीनचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तुम्ही झोपला आहात की जागे, हे मशीनला खात्रीने कळत नाही. कूस बदलताना किंवा जागेपणी आपण श्वास रोखतो, उसासा टाकतो, आणि मशीन त्याची घटना म्हणून नोंद करू शकतं. म्हणून उशिरा घेतलेल्या कॉफीने रात्रभर तळमळत राहिलात तर एएचआय खोटाच वाढलेला दिसू शकतो.

मद्य: पहिल्या तीन तासांचा गोंधळ

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतातच. मद्य त्यांना आणखी सैल करतं, त्यातही जीभ पुढे धरून ठेवणाऱ्या स्नायूला. शिवाय श्वास अडल्यावर मेंदू जी किंचित जाग आणून घसा उघडतो, तीही उशिरा येते. म्हणून अडथळे वाढतात आणि लांबतात.

तुमच्या मशीनचा दाब ठरवला गेला तो मद्य न घेतलेल्या घशासाठी. स्थिर दाबाच्या मशीनला त्या रात्री तो कमी पडतो. आपोआप दाब बदलणारं मशीन त्याच्या मागे धावत दाब चढवतं; मग मास्कच्या कडेने हवा सुटते, पोटात हवा जाते, आणि झोपेतच मास्क काढून फेकला जातो. यकृत ढोबळमानाने तासाला एक प्रमाणित माप, म्हणजे १० ते १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क हातावेगळा करतं. रात्री दहापर्यंत तीन मापं घेऊन अकराला झोपलात, तर झोपेचे पहिले दोन-तीन तास त्याच अमलाखाली जातात.

यावर एकच खात्रीची तपासणी आहे: दोन आठवडे मद्य पूर्ण बंद ठेवा आणि आकडे पाहा. फरक पडला तर कारण सापडलं. त्यानंतरही घ्यायचंच असेल तर एखादंच माप, तेही झोपेच्या किमान चार तास आधी. जास्त झालं त्या रात्री ‘आज राहू दे’ म्हणून मास्क बाजूला ठेवू नका, त्याच रात्री त्याची सर्वांत जास्त गरज असते. मद्यासोबत झोपेची किंवा तीव्र वेदनेची गोळी कधीही घेऊ नका.

उशिराचं जेवण, आंबट ढेकर आणि पोटात भरणारी हवा

मशीन कंटाळून कपाटात ठेवण्यामागे हा त्रास बऱ्याचदा असतो, आणि तो बराचसा टाळता येतो. सकाळी उठल्यावर पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, ढेकरांवर ढेकर, गॅस, कधी छातीच्या मधोमध दडपण. म्हणजे रात्री दाबाची हवा श्वासनलिकेबरोबर अन्ननलिकेतही शिरली.

अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंची झडप असते. मशीनचा दाब तिला भारी पडला की ती उघडते. भरलेलं पोट, तेलकट जेवण, मद्य, तंबाखू, चॉकलेट, पुदिना यांनी ती सैल पडू शकते. त्या सैल झडपेतून हवा खाली जाते, आणि पोटातलं आम्लही वर येतं. आम्ल घशापर्यंत आलं की तिथे सूज येते, नाकाच्या मागच्या बाजूला चिकटपणा येतो, घशातली वाट आणखी अरुंद होते. मग आपोआप चालणारं मशीन दाब वाढवतं आणि पोटात अजून हवा जाते. हे चक्र जेवणाच्या वेळेपासून तोडणं सर्वांत सोपं.

पुढची पावलं याच क्रमाने टाका. एक बदल चार-पाच रात्री टिकवा आणि मगच दुसरा करा, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही.

१. शेवटचं जेवण झोपेच्या तीन तास आधी संपवा. दिवसातलं मोठं जेवण दुपारी, रात्रीचं हलकं. तळलेलं आणि तूप-लोणी-साय असलेलं रात्री टाळा, कारण स्निग्ध पदार्थ पोटात जास्त वेळ राहतात. फसफसणारी पेयं आणि च्युइंगम संध्याकाळनंतर नकोत. एकाने पोटात वायू जातो, दुसऱ्याने हवा गिळली जाते. भुकेने झोप मोडत असेल तर झोपण्याच्या तासभर आधी थोडासा कोरडा, तेल नसलेला खाऊ चालेल. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणाची वेळ डॉक्टरांना विचारूनच हलवा.

२. पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला. त्यासाठी पायांखाली ठोकळे ठेवा किंवा पाठीपासून उतरती असलेली पाचरीच्या आकाराची गादी वापरा. उशांवर उशा रचू नका. त्याने पोट दुमडतं, मान पुढे वाकते, हनुवटी छातीला लागते आणि घसा आणखी बंद होतो. डाव्या कुशीवर झोपल्याने आम्ल वर येण्याचं प्रमाण घटतं, आणि पाठीवर न झोपल्याने अडथळेही कमी होतात. हा दुहेरी फायदा फुकट मिळतो, तो जरूर घ्या.

३. नाक मोकळं करा आणि गळती थांबवा (खाली सविस्तर आहे). नाक चोंदलं की तोंडाने श्वास आणि गिळणं दोन्ही वाढतं.

४. श्वास सोडताना दाब किंचित उतरवण्याची सोय मशीनमध्ये असेल तर ती चालू करून पाहा. एएचआय वाढला तर पूर्ववत करा.

५. एवढं करूनही पोट फुगत असेल तर दाबाची वरची मर्यादा कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः खाली आणू नका. अडथळे परत येतील आणि तुम्हाला ते कळणारही नाहीत.

पोट दगडासारखं कडक झालं, असह्य दुखलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर मशीन थांबवून वैद्यकीय मदत घ्या. छातीत दाटून येणारी कळ हात-जबड्याकडे जात असेल, घाम सुटत असेल, तर ती गॅसची समजून घरी बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

नाक, तोंडाची कोरड आणि गळती

सकाळी तोंड कोरडं पडलं की ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनच्या हवेला ओलावा देणारा भाग, वाढवावासा वाटतो. त्याआधी गळतीचा आकडा पाहा. नाकाचा मास्क असेल आणि तोंड उघडं राहत असेल, तर नाकातून आत गेलेली हवा तोंडातून बाहेर वाहते. अशा वेळी ओलावा कितीही वाढवला तरी पुरत नाही. तोंड का उघडतं याचं उत्तर पुष्कळदा बंद नाक हेच असतं.

झोपण्याच्या तासभर आधी नाक मिठाच्या पाण्याने धुवा: २४० मिलिलिटर पाण्यात सुमारे २ ग्रॅम, म्हणजे पाव ते अर्ध्या चमच्याच्या मधलं साधं, आयोडीन नसलेलं मीठ. पाणी डिस्टिल्ड हवं, किंवा किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट केलेलं. नळाचं पाणी तसंच नाकात घालू नका. त्यातून नाकावाटे होणारा संसर्ग दुर्मीळ असला तरी जिवावर बेततो. धुतल्यावर पुढे वाकून उरलेलं पाणी निथळू द्या. नाक लगेच मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनसारखे स्प्रे तीन दिवसांपलीकडे वापरू नका, नंतर नाक त्यांच्यामुळेच चोंदू लागतं. डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइड स्प्रेची गोष्ट उलटी आहे: त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशी निराश होऊन तो सोडू नका.

नाक मोकळं असूनही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क हा पर्याय आहे. तोंडावर चिकटपट्टी लावण्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका. उलटी झाली किंवा नाक अचानक बंद झालं तर जीव गुदमरतो.

मास्कच्या कडेने होणाऱ्या गळतीत चेहऱ्यावरच्या क्रीमचा वाटा मोठा असतो. रात्री लावलेलं क्रीम किंवा तेल सिलिकॉनच्या कुशनवर बसतं, कुशन घसरतं आणि लवकर खराब होतं. झोपण्याआधी तोंड धुऊन पूर्ण कोरडं करा. क्रीम लावायचंच असेल तर मास्क टेकतो तेवढी जागा सोडून. कुशन रोज सकाळी सौम्य साबण आणि कोमट पाण्याने धुवा. मद्यार्काचे पुसणी-कागद आणि ब्लीच नको. पट्टे घट्ट करायचे ते आडवं होऊन, मशीन चालू असताना, आणि तेही कमीत कमी. कुशनची पातळ कडा हवेने फुगून त्वचेला चिकटते. जास्त आवळली तर ती चुरगळते आणि गळती उलट वाढते.

कोरड राहिलीच तर मग ओलावा एकेका पायरीने वाढवा. नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येत असेल तर खोली थंड आहे आणि ओलावा जास्त: तापणारी नळी वापरा किंवा एक पायरी उतरा, आणि मशीन पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवा.

चहा-कॉफी

कॅफीनमुळे घसा बंद होत नाही. त्याने झोप हलकी होते, आणि हलक्या झोपेत मास्कची प्रत्येक हालचाल जाणवते. ‘मला मास्क सहनच होत नाही’ या तक्रारीमागे कधी कधी संध्याकाळचा कप असतो. कॅफीनचं प्रमाण शरीरात निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी ५ वाजता २०० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री १० ला १०० आणि पहाटे ३ लाही ५० शिल्लक असतं. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर ते याहून सावकाश उतरतं.

शेवटचा कप झोपेच्या किमान आठ तास आधी घ्या. दिवसाला पाच-सहा कप असतील तर एकदम तोडू नका, डोकं दुखून हैराण व्हाल. दर तीन दिवसांनी एक कप कमी करा, आणि सुरुवात दिवसातल्या शेवटच्या कपापासून करा.

पायांची सूज, मीठ आणि रात्रीची लघवी

दिवसभर बसून किंवा उभं राहून काम करणाऱ्यांच्या पायांत पाणी उतरतं. संध्याकाळी मोज्याच्या रबराचा खोल वळ उमटत असेल तर ते तिथे आहे. आडवं झाल्यावर तेच पाणी वर सरकतं, त्यातलं काही मानेत येतं आणि घशाभोवतीच्या ऊती फुगतात. जेवण जास्त खारट असेल तर शरीरात पाणी आणखी धरून राहतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, आणि पाकिटबंद, खारवलेल्या व तयार पदार्थांतून ती नकळत ओलांडली जाते.

दर तासाला पाच मिनिटं चाला, म्हणजे पोटऱ्यांचे स्नायू पाणी वर ढकलतात. संध्याकाळी अर्धा तास चालणं सर्वांत उत्तम. रात्रीच्या जेवणाआधी तासभर पाय उंच ठेवून बसलात तर साचलेलं पाणी झोपण्याआधीच लघवीवाटे निघून जातं. पाणी दिवसा भरपूर प्या, झोपेच्या आधीच्या दोन तासांत घोटभरच. हृदय, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा लघवीची गोळी चालू असेल तर मीठ आणि पाणी यांचं गणित डॉक्टरांनीच ठरवायचं.

रात्री उठावं लागलं तर मास्क काढू नका. मास्कपाशी नळीचा जोड असतो, तेवढाच सोडवा आणि परत येऊन जोडा. मास्क पूर्ण काढला की पुष्कळ जण तो परत लावत नाहीत, आणि तोटा तिथेच होतो. स्वप्नांची झोप पहाटेच्या टप्प्यात सर्वांत जास्त असते, तेव्हा स्नायू सर्वांत सैल असतात, म्हणून बहुतेकांचे अडथळे तेव्हाच सर्वांत वाईट असतात. चार वाजता मास्क काढून सात वाजता उठणाऱ्याच्या मशीनवर एएचआय १.५ दिसतो, तो खरा आहे, पण फक्त चार वाजेपर्यंतचा. वापराचे तास झोपेच्या तासांएवढेच हवेत, दुपारची डुलकीसुद्धा धरून.

वजन आणि दाबाचं नातं

मशीन लावलं की वजन आपोआप उतरेल ही अपेक्षा सोडा. काहींचं ते थोडं वाढतंही. ते स्वतंत्रपणे कमी करावं लागतं, आणि त्याचं फळ मिळतं. विस्कॉन्सिनमधल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० टक्के वजनवाढीबरोबर एएचआय सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेला आणि १० टक्के घटीबरोबर सुमारे २६ टक्क्यांनी उतरलेला आढळला. आठवड्याला १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम वजन न उतरताही थोडी मदत करतो.

वजन उतरताना नव्या तक्रारी येतात, आणि त्या उलट दिशेच्या असतात. चेहरा उतरल्याने मास्क सैल होतो, आणि जुना दाब आता जास्त ठरून पोटात हवा भरते. वजन १० टक्के इकडेतिकडे झालं की दाब आणि मास्क दोन्ही पुन्हा तपासून घ्या. मशीन मात्र आपल्या मनाने बंद करू नका, त्यासाठी पुन्हा झोपेची चाचणी लागते.

टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनला अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी मान्यता दिली. हे किंवा या गटातलं दुसरं औषध घेत असाल तर लक्षात घ्या की त्याने पोट सावकाश रिकामं होतं. जेवण आणि झोप यांमधले तीन तास तुम्हाला अपुरे पडू शकतात, ते चार करून पाहा.

गोळ्या आणि तंबाखू

झोपेच्या, चिंतेच्या आणि तीव्र वेदनेच्या काही गोळ्या श्वासाची गती मंदावतात किंवा घसा सैल करतात. सर्दीच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी तोंड आणि नाक कोरडं पडतं. चालू असलेली गोळी अचानक बंद करू नका. ज्यांनी ती लिहून दिली त्यांना ॲप्निया आणि मशीनबद्दल सांगा. धूम्रपानाने नाक-घशाला कायमची सूज राहते, आणि निकोटीन झोप मोडतं. सोडल्यावर पहिले काही आठवडे झोप चाळवते, ते ओसरतं.

दोन आठवड्यांची वही

उशाशी वही ठेवा. रोज रात्री पाच गोष्टी लिहा: शेवटच्या जेवणाची वेळ, शेवटच्या कॅफीनची वेळ, मद्याची मापं, नाक मोकळं की बंद, घेतलेल्या गोळ्या. सकाळी आणखी पाच: एएचआय, गळती, वापराचे तास, पोट फुगलंय का, आणि ताजेपणा १० पैकी किती. चौदा दिवसांनी सर्वांत वाईट तीन रात्रींभोवती गोल करा आणि त्यांच्या संध्याकाळी काय समान होतं ते पाहा.

काहीच समान सापडलं नाही, किंवा सवयी सुधारूनही आठवड्याची सरासरी ५ च्या वर राहिली, तर वही आणि मेमरी कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. घटनांमध्ये ‘सीए’ म्हणजे घसा उघडा असूनही श्वास थांबल्याच्या नोंदी जास्त असतील तर ते आवर्जून दाखवा. त्यावर दाब वाढवणं हा उपाय नाही. आकडे उत्तम, रोज सात तास वापर, आणि तरी पेंग जात नसेल, तर थायरॉइड, लोह, नैराश्य आणि झोपेचे इतर आजार तपासायला सांगा. आणि ज्या दिवशी पेंग येतेय, त्या दिवशी गाडी चालवू नका.